नौपाड्यातलं रुग्णसाहित्य केंद्र: बेड, वॉकर, कमोड खुर्ची भाड्याने घेतली त्याचा अनुभव

आधी स्टार सांगून टाकते, ज्यांना घाई आहे ते इथूनच जाऊ शकतील. पाचपैकी चार. एक कापलाय तो वेळ आणि टेम्पो या दोन गोष्टींसाठी, ते पुढे लिहिते. सामान, दर आणि माणसं या तिन्हीला पैकीच्या पैकी.

हे दुकान नाहीये. ठाण्यात नौपाड्याला एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एका सेवाभावी संस्थेची खोली आहे, तिथे फाउलर बेड म्हणजे हँडलने पाठ वर होणारा बेड, एअर मॅट्रेस म्हणजे हवेची गादी, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, बॅकरेस्ट, सलाइनचा स्टँड, कुबड्या असं सगळं आजारी माणसाला घरी लागणारं सामान डिपॉझिट घेऊन नाममात्र भाड्याने देतात. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण तीन-चार रिटायर्ड मंडळी मिळून चालवतात आणि त्यांचा फोन आधीच थांबत नाही, उगाच वसई-पनवेलहून लोक फोन करत बसतील. ठाणे, डोंबिवली, वाशी सगळीकडे अशी केंद्रं आहेत, कुठे मंडळाची, कुठे देवस्थानाची, कुठे ज्येष्ठ नागरिक संघाची. तुमच्या वॉर्डात विचारा, कुणीतरी पत्ता देतंच.

आता मला का जावं लागलं ते. आमचे हे चौऱ्याहत्तरचे, बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडले आणि मांडीचं हाड वर खुब्यापाशी मोडलं, ऑपरेशन करून रॉड टाकला. ऑपरेशनचं टेन्शन होतं तेवढं पैशाचं नव्हतं कारण मेडिक्लेम होता, कॅशलेस मंजूर झालं. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या शेवटी नॉन-पेएबल म्हणून एक वेगळं पान जोडलेलं, ते आपल्या खिशातून. ते भरलं, म्हटलं सुटलो. आणि मग डॉक्टर म्हणाले की पाय टेकवायचा नाही, एक्स-रे बघून मी सांगेन तेव्हाच वजन द्यायचं, तोपर्यंत पाठ वर होणारा बेड, हवेची गादी, कमोड खुर्ची आणि चोवीस तास माणूस, एवढी व्यवस्था घरी करा. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, आपण किराण्याची यादी सांगतो तसं.

तर मुद्दा असा आहे की मेडिक्लेम हॉस्पिटलच्या दारापर्यंत येतो, घरात येत नाही. विमा नियामकाची म्हणजे आयआरडीएआयची एक ठरलेली यादीच आहे, ६८ गोष्टींची, ज्यांचे पैसे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. मी चष्मा लावून पूर्ण वाचली. वॉकिंग एड्स, एअर बेड, कोणत्याही प्रकारचे डायपर, कमरेचा बेल्ट, नी ब्रेस, स्लिंग, युरिन जग, नेब्युलायझर किट, हॉस्पिटलच्या बाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर, खासगी नर्स, अटेंडंट. म्हणजे म्हातारं माणूस घरी आल्यावर जे जे लागतं नेमकं ते ते. पॉलिसीत पोस्ट-हॉस्पिटलायझेशन म्हणून साधारण साठ दिवस वगैरे असतात त्यात औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी येते, त्याची बिलं जपून ठेवा आणि क्लेम करा, पण बेडचं भाडं आणि पेशंट सांभाळणाऱ्या मावशींचा पगार त्यात कुणी देत नाही.

काहीजण म्हणतील आयुष्मान कार्ड, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं, ते काढा. काढाच. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरच्या वरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांचं कव्हर, वय फक्त आधारवरचं बघतात, आणि खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. एका घरात सत्तरच्या वरचे दोघं असतील तर पाच लाख दोघांत मिळून, हे लक्षात ठेवा. हॉस्पिटल मात्र त्यांच्या यादीतलं लागतं. आणि तिथेही डिस्चार्जनंतरचं औषधपाणी पंधरा दिवसांपर्यंत पॅकेजमध्ये धरलेलं आहे, पण मोडलेल्या खुब्याचा माणूस सोळाव्या दिवशी उठून चालायला लागत नाही हो.

विकत घ्यायचं म्हणून आधी चौकशी केली. हॉस्पिटलच्या समोरच सर्जिकलचं दुकान असतं ना, तिथे दोन हँडलचा साधा फाउलर बेड वीस हजारांच्या पुढे, एअर मॅट्रेस पंप धरून अडीच-तीन हजार, चाकाची कमोड खुर्ची चारच्या आसपास, वॉकर एमआरपी अठ्ठावीसशे आणि "तुमच्यासाठी" अठराशे. हा एमआरपीचा खेळ या सामानात फार चालतो, छापील किंमत भरमसाट आणि मग मोठा डिस्काउंट दिल्यासारखं करायचं. सगळं मिळून तीस हजारांच्या आसपास, आणि दोन-अडीच महिन्यांनी तो बेड कुठे ठेवायचा, वन बीएचकेमध्ये? माझ्या नणंदेकडे असाच घेतलेला बेड तीन वर्षं गॅलरीत गंजतोय, भंगारवाला पण चौदा रुपये किलो म्हणतो. शेजारच्या विंगमधल्या वहिनींनी या केंद्राचं सांगितलं.

पहिल्यांदा गेले तेव्हा संध्याकाळी पाचला दार उघडायच्या आधीच बाहेर चारजण उभे. वेळ फक्त पाच ते सात. आत गेल्यावर काउंटरवर एक सत्तरीचे काका, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यांच्यामागे भिंतीला वॉकर एकात एक घालून टांगलेले आणि प्रत्येकाला ऑइलपेंटने नंबर घातलेला. काय लागतं ते म्हणजे पेशंटच्या आधारची झेरॉक्स, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स, घेणाऱ्याचा फोन नंबर, ठाण्यातल्याच एका ओळखीच्या माणसाचं नाव आणि डिपॉझिट. जीपे आहे पण डिपॉझिट चेकने घेतात आणि तो चेक बँकेत टाकत नाहीत, फाइलला लावून ठेवतात, सामान परत केलं की तोच चेक परत. मला हे फार आवडलं.

दर सांगते, आमच्या वेळचे. बेड महिन्याला सहाशे, एअर मॅट्रेस तीनशे, कमोड खुर्ची दीडशे, वॉकर पन्नास, व्हीलचेअर दोनशे. महिना मोडून भाडं नाही, पंधरा दिवसांच्या आत परत केलं तर अर्धं. हेच बाहेर, म्हणजे फोनवर बुक करून घरी आणून देणारे जे आहेत, त्यांच्याकडे नुसता बेड महिन्याला तीन-साडेतीन हजार सांगितला होता आणि डिपॉझिट वेगळं.

मी सरळ म्हटलं बेड द्या. काकांनी उलट मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. "वहिनी, पाठ फक्त वर करायचीय का गुडघेही? एक हँडलचा देऊ का दोन?" मला कुठे माहीत. मग त्यांनी समजावलं की एक हँडलचा म्हणजे सेमी फाउलर, फक्त पाठ उठते, आणि माणूस बसता केला की हळूहळू खाली घसरत पायथ्याशी जातो, मग त्याला काखेत धरून वर ओढावं लागतं आणि ओढणाऱ्याची कंबर जाते. दोन हँडलच्या बेडला आधी गुडघ्याचा भाग थोडा वर घ्यायचा आणि मग पाठ, मग घसरत नाही. "पण तुमच्या डॉक्टरांना विचारा गुडघा किती वाकवायला परवानगी आहे, ते माझं काम नाही," हे पण सांगितलं. तिथूनच मी हॉस्पिटलच्या फिजिओला फोन लावला, ती म्हणाली चालेल, मग दोन हँडलचा घेतला. सर्जिकलच्या दुकानात मला हे कुणी विचारलंच नव्हतं, तिथे फक्त कोणता रंग विचारला होता.

मग खोली किती बाय किती विचारलं. बेड साडेसहा फूट बाय तीन फूट, आणि ज्या बाजूने माणूस उतरणार तिकडे निदान तीन फूट मोकळे पाहिजेत नाहीतर खुर्ची वळत नाही. आणि धड पाय ज्या बाजूला तिकडे उतरायची बाजू ठेवायची, म्हणजे त्या पायावर जोर घेऊन खुर्चीत जाता येतं. घरी येऊन मुलाने कपाट सरकवलं, सोफ्याचं एक पीस खाली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलं.

आता तो कापलेला स्टार. सामान आपण आपलं न्यायचं. वॉकर रिक्षात येतो, कमोड खुर्ची पण आडवी करून येते, बेड येत नाही. टेम्पोवाला बाराशे म्हणाला, आठशेत आला, म्हणजे महिन्याच्या भाड्यापेक्षा टेम्पो महाग. आमची बिल्डिंग जुनी, पाचपाखाडीतली, चार मजली, लिफ्ट नाही, रिडेव्हलपमेंटचं गेली कित्येक वर्षं नुसतं चाललंय, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. चढवायचे वेगळे पाचशे. बेड सुटा होतो हे खरं, डोक्याकडची आणि पायाकडची जाळी निघते, मधली फ्रेम मात्र अखंड, ती जिन्याच्या वळणावर उभी करून फिरवावी लागली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या दारावरचं तोरण शहीद झालं. केंद्राने एखाद्या टेम्पोवाल्याशी ठरवून फिक्स रेट केला तर किती लोकांचा त्रास वाचेल. मी सुचवलंय, "बघतो" म्हणालेत.

दुसरं वेळेचं. पाच ते सात म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलांना जमणं कठीण, मुलुंडच्या अलीकडे गाडी अडकली की संपलं. गुरुवारी बंद. आणि डिस्चार्ज नेहमी दुपारी दोनला मिळतो, मग पाचपर्यंत पेशंट कुठे ठेवायचा? तेव्हा डिस्चार्ज मिळणार असं कळलं की आदल्या दिवशीच सामान घरी आणून ठेवा, एक दिवसाच्या भाड्याचा विचार करू नका.

पण पैसे खरे कुठे वाचले ते सांगते, कारण माझ्या मते या रिव्ह्यूमधली कामाची गोष्ट हीच आहे. मला आधी वाटलं होतं वीस हजारांचा बेड सहाशेत मिळाला, हीच बचत. तशी ती आहेच, पण घरी आल्यावर सगळ्यात मोठा खर्च बेडचा नसतो, माणसाचा असतो. ब्युरोची, म्हणजे घरी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची मावशी बारा तासांचे नऊशे. दिवसाची एक, रात्रीची एक ठेवली तर महिन्याला चोपन्न हजार, शिवाय ब्युरोचं कमिशन, चहा-जेवण. आमची दोघांची पेन्शन मिळून एवढी नाही. पहिले काही दिवस दोन्ही ठेवल्या, इलाज नव्हता. मग माझ्या लक्षात आलं की रात्रीची मावशी नेमकं करते काय, तर दोनदा पाठ वर करून पाणी देते, युरिन पॉट लावते आणि कूस बदलते. हँडल फिरवलं की पाठ आपोआप उठते, त्याला जोर लागत नाही, माझ्यासारखी गुडघेदुखीवाली बाई पण बसल्या बसल्या फिरवते. कूस बदलायचं फिजिओने शिकवलं, ड्रॉ शीट म्हणजे आडवी घडी घातलेली चादर खाली घालून ठेवायची आणि माणसाला न ओढता ती चादर ओढायची, दोन पायांच्या मध्ये उशी. डॉक्टर हो म्हणाल्यावर रात्रीची मावशी बंद केली. महिन्याचे सत्तावीस हजार तिथे वाचले. साध्या दिवाणावर हे मी एकटीने केलं असतं तर दुसरा पेशंट मीच झाले असते. तेव्हा बेडचं भाडं स्वस्त की महाग हा हिशोब वेगळा मांडू नका, ते सामान घरात असल्याने माणसाचे किती तास कमी होतात ते बघा. मुलांना पण हे समजावून सांगावं लागतं, नाहीतर ते तिकडून फोनवर "आई, ट्वेंटी फोर अवर्स ठेव ना" म्हणतात आणि ईएमआय त्यांचेच चालू असतात.

दिवसाची मावशी मात्र शेवटपर्यंत ठेवली, ती कमी करू नका, अंघोळ आणि खुर्चीत घेणं एकट्याचं काम नाही.

एअर मॅट्रेस. ही फुग्याफुग्यांची असते, पंप बेडच्या पायथ्याला अडकवायचा, आळीपाळीने थोडे फुगे भरतात थोडे रिकामे होतात, म्हणजे एकाच जागी दाब येत नाही आणि पाठीला जखमा होत नाहीत. केंद्रातल्या एका ताईंनी चालू करून, कान लावून गळती नाही ना ते दाखवून मगच बांधून दिली. पेशंटच्या वजनाप्रमाणे पंपाची कळ फिरवायची. आणि हवा पुरेशी आहे का बघायचं तर कमरेच्या खाली गादी आणि बेडच्या मध्ये हात घालायचा, वर निदान इंचभर हवा जाणवली पाहिजे, हाताला थेट अंग लागलं तर हवा कमी आहे. वर एकच सुती चादर, ती पण सैल. आमच्या मावशींनी पहिल्याच दिवशी प्रेमाने जाड गोधडी घातली होती, मग हवेच्या गादीचा उपयोग काय. सेफ्टी पिन तर बेडच्या आसपास पण नको. आणि गादी आहे म्हणून कूस बदलायची नाही असं नाही, दर दोन तासांनी बदलायचीच. आमचा पंप महिन्याभरात घरघरायला लागला, फोन केला, दुसऱ्या दिवशी बदलून दिला, पैसे नाही घेतले.

कमोड खुर्चीबद्दल एक महत्त्वाचं. मी आधी व्हीलचेअर पण मागत होते, काका म्हणाले आधी बाथरूमचं दार मोजा. मोजलं तर चौकटीच्या आत चोवीस इंच. त्यांच्याकडची साधी व्हीलचेअर बाहेरून बाहेरून पंचवीसच्या वर, म्हणजे दारातच अडकणार. जुन्या ठाण्यातल्या बहुतेक बिल्डिंगांत हेच आहे. मग चाकाची कमोड खुर्ची घेतली, ती अरुंद असते, खालचं भांडं काढलं की सरळ टॉयलेटच्या कमोडवर सरकते आणि तीच अंघोळीला पण चालते. तेव्हा घरातल्या घरात व्हीलचेअर लागलीच नाही, फक्त एक्स-रेला जायला लागली, ती दोन दिवसांसाठी घेतली आणि बिल्डिंगमधल्या पोरांनी ह्यांना खुर्चीसकट उचलून खाली नेलं. ब्रेक चारही चाकांचे लावून बघा, आमच्या खुर्चीचा एक ढिला होता, तिथेच स्क्रू आवळून दिला. भांडं मात्र मी नवीन विकत घेतलं. केंद्रात सगळं धुऊन, ब्लीचच्या पाण्याने पुसून, उन्हात ठेवून देतात, मी मागच्या अंगणात रांग लावलेली स्वतः बघितली, तरी भांडं, युरिन पॉट, बेडपॅन, नाकाची नळी असल्या गोष्टी नव्याच घ्याव्यात. ते पण हेच सांगतात. डायपर जनऔषधी केंद्रात बघा, मोठ्यांचे पण मिळतात, स्वस्त पडतात.

वॉकर शेवटी आला, डॉक्टरांनी वजन द्यायला सांगितल्यावर. काकांनी भिंतीवरून सात नंबरचा काढला, उलटा करून चारही पायांचे रबरी बूट अंगठ्याने दाबून बघितले, एक झिजून गुळगुळीत झाला होता तो ड्रॉवरमधून नवीन काढून ठोकला. म्हणाले वॉकरने कुणी पडत नाही, बुटाने पडतात. उंची कशी लावायची ते पण दाखवलं, माणूस सरळ उभा राहून हात खाली सोडले की मनगटाच्या घडीजवळ वॉकरची मूठ आली पाहिजे, मग धरल्यावर कोपर थोडं वाकतं. चारही पायांची बटणं एकाच भोकात आहेत ना बघायचं, एक जरी वर-खाली झालं तर वॉकर डुगडुगतो. आमच्याकडे सोसायटीत पाटलांचे आजोबा वर्षभर गुडघ्याएवढा वॉकर घेऊन वाकून चालत होते, जाऊन त्यांचा पण वर करून दिला.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेचं मशीन पण आहे त्यांच्याकडे, कोविडनंतर देणगीत आलेले. आम्हाला लागला नाही पण खालच्या मजल्यावर घेतलाय त्यांचं सांगते, भाडं कमी असलं तरी लाइटबिल धरा. पाच लिटरचं मशीन साडेतीनशे वॅटच्या आसपास खातं, दिवसरात्र चाललं तर दिवसाला आठ-साडेआठ युनिट, म्हणजे महिन्याला अडीचशे युनिट वर. आणि लाइट गेली तर मशीन बंद, म्हणून भरलेला सिलिंडर बाजूला पाहिजेच. डॉक्टरांनी सांगितलेला फ्लो सोडून आपण होऊन वाढवायचा नाही.

कुणी जाऊ नये ते पण लिहिते. घोडबंदरला कासारवडवलीच्या पुढे राहणाऱ्यांनी तिथून नौपाड्यात टेम्पो आणून परत न्यायचा म्हणजे दीड-दोन हजार आणि ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस, त्यापेक्षा तिकडचंच एखादं केंद्र शोधा किंवा बाहेरच्या भाड्यावाल्याकडून घ्या, तो त्याच दिवशी आणतो, जोडून देतो आणि त्याच्याकडे मोटरचा बेड पण असतो, रिमोटवाला. घरी पेशंट आणि म्हातारी बायको दोघंच असतील, आणि तिला हँडल फिरवणंही जमत नसेल, तर रिमोटचे जास्तीचे पैसे वसूल आहेत. केंद्रात मोटरचा बेड नाही. स्टॉकची पण खात्री नाही, पावसाळ्यात म्हातारी माणसं घसरून पडतात आणि सगळे बेड बाहेर असतात, वेटिंग लिस्टची वही आहे. फोन करूनच जा.

आणि ज्याला सामान कायमचं लागणार आहे, म्हणजे लकवा वगैरे, वर्षानुवर्षं, त्याने वॉकर, काठी, कमोड खुर्ची विकतच घ्यावी, भाड्यात अडकवून ठेवू नये, दुसऱ्याला मिळत नाही. त्यासाठी सरकारी योजना आहे, मुख्यमंत्री वयोश्री योजना, २०२४ साली आली, पासष्टच्या वरच्या आणि वर्षाला दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना एकदाच तीन हजार रुपये थेट खात्यात, चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी. आमच्या दिवसाच्या मावशींच्या सासूला लागू होत होती, तिचे कागद मीच जमवून दिले. कुठे अर्ज, कुणाकडे, हे कळत नसेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ, फुकट.

पावतीचं एक. भाड्याची पावती वेगळी आणि देणगीची वेगळी घ्या. आम्ही जाताना थोडी देणगी दिली, तिला ८०जीची म्हणजे टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी पावती मिळाली, पण ती जुन्या टॅक्स रिजीममध्येच चालते आणि दोन हजारांच्या वरची कॅश चालत नाही, चेक द्या. ज्यांच्याकडे मेडिक्लेम अजिबातच नाही अशा साठीच्या वरच्यांना जुन्या रिजीममध्ये ८०डीखाली औषधोपचाराचा खर्च पन्नास हजारांपर्यंत दाखवता येतो, तो पण कॅशमध्ये केलेला नको. भाडं त्यात बसतं का ते तुमच्या सीएला विचारा, आमचा सीए म्हणजे आमचा भाचा, तो फोन उचलत नाही.

सामान परत करताना कटकट होईल असं वाटलं होतं, भाड्याच्या वस्तूंचा अनुभव तसाच असतो ना, ओरखडा दाखवून डिपॉझिट खातात. इथे काकांनी वही काढली, दिलं तेव्हा काय काय खराब होतं ते आधीच लिहून ठेवलेलं, त्याच्याशी ताळा करून बघितलं, वॉकरच्या एका बुटाचे तीस रुपये घेतले आणि फाइलमधून माझाच चेक काढून हातात दिला. काठी अजून ठेवलीय, तिचं भाडं महिन्याला वीस रुपये. हे ती कुठेही विसरून येतात, परवा गावदेवीच्या भाजीवाल्याकडे सापडली.